गॅस-स्टोव्हची खरी कसोटी

गिर्यारोहणात पाठीवर न्यायच्या डबीवरच्या गॅस-स्टोव्हची तुलना बहुधा वजन आणि पाणी उकळण्याचा वेळ यांवरच केली जाते. ‘बीआरएस ३०००टी’ २५ ग्रॅमचा, ‘पॉकेटरॉकेट २’ ७३ ग्रॅमचा. म्हणून पहिला सरस! आम्हाला ही तुलना अपुरी वाटते. २० अंश सेल्सिअसचे लिटरभर पाणी १०० अंशांवर न्यायला ८० किलोकॅलरी लागतात. एक ग्रॅम ब्यूटेनपासून सुमारे ११ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे किमान ७ ग्रॅम गॅस हवाच. वाऱ्याने ज्योत भांड्याखालून ढळली की हा आकडा वाढत जातो आणि वाचवलेले ४८ ग्रॅम जादा गॅसच्या रूपाने पाठीवर परत येतात. लिटरमागे किती ग्रॅम गॅस जळला, हे सांगणारी तुलनाच खरी. त्यासाठी डबी आधी व नंतर तोलणे पुरे.