पितळेची झळाळी आणि मंगळाचे दफ्तर

टेबलाभोवती चारपाच मंडळी जमतात, त्यांतला एक सूत्रधार होऊन प्रसंग सांगू लागतो, बाकीचे एकेका पात्राची जबाबदारी पत्करून ‘आता मी काय करतो’ हे बोलून दाखवितात, आणि यशापयश जेथे संशयास्पद असेल तेथे फासे टाकून निवाडा करून घेतात. 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झालेल्या रोल-प्लेइंग खेळांचे स्वरूप थोडक्यात एवढेच आहे. कीर्तनकाराच्या मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांनी आख्यान मध्येच आपल्या हाती घ्यावे, तसा काहीसा हा प्रकार. त्यामुळे या खेळाच्या ग्रंथकर्त्याचे काम कादंबरीकारापेक्षा वेगळे ठरते. तो कथा लिहीत नाही. इतरांना कथा रचता याव्यात असा मुलूख तो वसवितो, त्या मुलखाचे कायदे घालून देतो आणि निघून जातो. म्हणून त्याच्या कृतीचे परीक्षण करताना भाषेची किंवा कल्पनेची चमक हा दुय्यम मुद्दा होय. त्या मुलखात पाऊल टाकणाऱ्याला कोणते निर्णय घेण्याची वेळ येते, आणि त्या निर्णयांची किंमत कोण मोजतो, हा पहिला.

हा निकष लावून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बाष्पयंत्रांवर स्वार होऊन अंतराळात जाणाऱ्या खेळांकडे पाहिले, तर ‘स्पेस: 1889’ या नावापाशी प्रथम थांबावे लागते. अशा बाष्पयुगीन कल्पनाविश्वांसाठी ‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने ‘लोकस’ मासिकाला 1987 मध्ये धाडलेल्या पत्रात थट्टेने वापरला, आणि त्यानंतर फार काळ लोटण्यापूर्वीच अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने फ्रँक चॅडविक यांचा हा खेळ बाजारात आणला. चॅडविक हे मूळचे युद्धखेळांचे रचनाकार. नकाशे, पलटणी आणि रसद यांच्या हिशेबात मुरलेला माणूस. त्यांच्या कल्पनेतील जगात 1870 साली टॉमस एडिसन ईथर-प्रॉपेलर लावलेल्या वाहनातून मंगळावर जाऊन पोहोचतो. वास्तवातील एडिसन त्या वर्षी तेवीस वर्षांचा होता आणि तारयंत्रांच्या सुधारणांत गुंतला होता. मंगळावर कालवे आहेत, कारण स्कियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने 1877 मध्ये नोंदविलेल्या रेषांना त्याच्या भाषेत जे नाव होते त्याचे इंग्रजीत ‘कालवे’ झाले, आणि पुढे पर्सिव्हल लोवेलने 1895 च्या आपल्या ग्रंथात त्या रेषांवर एक मरणोन्मुख, पाण्यासाठी झुंजणारी संस्कृती उभी केली. ईथर आहे, कारण प्रकाशलहरी वाहून नेणारे माध्यम म्हणून त्या काळच्या पदार्थविज्ञानाला ते हवे होते. गंमत अशी, की त्या ईथरचा शोध घेऊ पाहणारा मायकेलसन आणि मोर्ली यांचा प्रयोग 1887 सालीच क्लीव्हलंडमध्ये निष्फळ ठरलेला होता. म्हणजे खेळाच्या शीर्षकातील वर्ष उजाडले तेव्हा त्याच्या आकाशयानांखालची जमीन आधीच सरकलेली होती. विज्ञानाने रद्द केलेले दस्तऐवज अडगळीतून काढून त्यांच्यावर पुन्हा शिक्का मारावा, आणि मग त्यांतले प्रत्येक कलम प्रामाणिकपणे अमलात आणावे, ही या प्रकाराची खरी कल्पकता आहे, आणि चॅडविक यांच्याइतक्या शिस्तीने ती क्वचितच कोणी राबविली असेल.

त्या शिस्तीचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे लिफ्टवुड. मंगळाच्या डोंगराळ मुलखात उगवणारे हे लाकूड गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. त्याच्या फळ्या बसवून मंगळवासी आपली गलबते हवेत तरंगवितात, आणि इंग्रज आरमार त्याच फळ्यांवर पोलादी तोफनौका चढविते. वरवर पाहता ही परीकथा आहे. परंतु हे लाकूड सर्वत्र उगवत नाही, त्याच्या राया पंखांच्या उच्चभूमीय मंगळवासीयांच्या ताब्यात आहेत, आणि शुक्राच्या दमट हवेत नेताच ते निकामी होते. म्हणून शुक्रावरच्या दलदलीत जर्मनांना झेपेलिनांवर भागवावे लागते. या तीन साध्या अटींनी एका चमत्काराचे रूपांतर एका जिनसेत होते. जिनसेला भाव येतो, भावामागून मक्ता येतो, मक्त्यामागून तह, जकात, ठाणे आणि अखेर पलटण. सिर्टिस मेजरला इंग्रजांची वसाहत का आहे, ओनोट्रियाच्या साम्राज्याशी त्यांचे युद्ध का चालू आहे, हे सूत्रधाराला पदरचे काही न घालता सांगता येते. कंपनी सरकारच्या कारभाराची ज्याला थोडीबहुत माहिती आहे, अशा आपल्याकडच्या वाचकाला हा नकाशा परका वाटणार नाही. नीळ, अफू आणि कापूस यांच्या जागी लाकूड घातले, की पुढची पाने त्याला तोंडपाठ आहेत.

आणि याच ठिकाणी, जेथे रचना सर्वांत भक्कम आहे तेथेच, तिची नजर चुकविण्याची हातोटीही उघडी पडते. मंगळावरील क्रूर अंमल या ग्रंथांत आहे, नाही असे नाही. पण तो मुख्यतः कोप्रेट्स येथे, बेल्जियनांच्या वाट्याला आला आहे. 1885 मध्ये काँगोचे राज्य आपल्या नावे करून घेणाऱ्या लिओपोल्ड राजाची ती सावली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु सगळे पाप एका शेजाऱ्याच्या खात्यावर मांडले, की उरलेल्यांची खाती आपोआप स्वच्छ दिसू लागतात. कोप्रेट्समधल्या गुलामीचा संताप आलेला खेळाडू इंग्रज अधिकाऱ्याच्या गणवेशात तिकडे धाव घेतो, आणि सिर्टिस मेजरमध्ये वसूल होणाऱ्या जकातीचे काय होते हे विचारायला त्याला उसंत मिळत नाही. एच. जी. वेल्सने 1898 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना लंडनवर आणून सोडले आणि आरंभीच्याच प्रकरणात इंग्रजांनी टास्मानियातील लोकांचे काय केले याची आठवण दिली, तेव्हा त्याने साम्राज्याच्या हाती आरसा दिला होता. नव्वद वर्षांनी खेळकर्त्यांनी वेल्सचे नाव आदराने घेतले, पण आरसा मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवला.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. खऱ्या 1889 सालच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि तेथे जमलेल्या प्रतिनिधींची संख्याही, योगायोगाने, 1889 च होती. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या द्रव्याचा हिशेब दादाभाई नौरोजी 1867 पासून मांडीत होते. म्हणजे ज्या वर्षाचे नाव या खेळाच्या मुखपृष्ठावर आहे, त्या वर्षी अंमलाखालची माणसे स्वतःच्या दफ्तराचे आकडे घेऊन सभेला बसलेली होती. एखाद्या मंगळी दादाभाईने लिफ्टवुडच्या निर्यातीचे कोष्टक घेऊन लंडनला जावे, यापेक्षा रोमांचक मोहीम मला तरी सुचत नाही. पण तसल्या मोहिमेसाठी या पुस्तकांत कौशल्यांची यादी नाही, बंदुकांची आहे.

नियमांविषयी मात्र एक गोष्ट चॅडविक यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. पात्राचे बळ, चापल्य, सहनशक्ती, बुद्धी आणि मोहकपणा यांच्या पंक्तीला त्यांनी ‘सामाजिक स्तर’ हा सहावा गुण बसविला. जन्म आणि दर्जा ही स्नायूंसारखीच मोजण्याची वस्तू आहे, हे त्या काळाचे सत्य त्यांनी आकड्यात बांधले. एरवी त्यांचे फाशांचे गणित ओबडधोबडच आहे. याहून नाजूक कारागिरी माइक पाँडस्मिथ यांच्या 1994 च्या ‘कॅसल फाल्केनस्टाइन’मध्ये दिसते. सभ्य गृहस्थाने फासे खेळणे शोभत नाही, या सबबीखाली त्यांनी फासे काढूनच टाकले आणि पत्त्यांचा जोड खेळाडूंच्या हाती दिला. बदाम भावनेच्या कामांना, किलवर अंगबळाच्या, चौकट बुद्धीच्या आणि इस्पिक दर्जाच्या. पान हातात राखायचे की आत्ता टाकायचे या विचारात बसलेला खेळाडू नकळत दिवाणखान्यातल्या माणसासारखा वागू लागतो. तो खेळ ग्रहांवर जात नाही, परीलोकात रमतो. पण नियम हेच शैलीचे वाहन होऊ शकतात, हा धडा अंतराळात जाणाऱ्यांनी त्याच्यापासून घ्यायला हवा होता.

तो घेतला गेला नाही. मूळ संस्था 1996 मध्ये बंद पडली. ‘स्पेस: 1889’ची पुनर्मुद्रणे झाली, 2010 साली ‘रेड सँड्स’ या नावाने त्याला सॅव्हेज वर्ल्ड्स या वेगवान नियमावलीचा अंगरखा चढला, पुढे जर्मनीतील ऊरवेर्क प्रकाशनाने देखणी आवृत्ती काढली. नियम सुधारले, चित्रे सुधारली, मुलूख जवळजवळ तोच राहिला. मधल्या काळात स्टीमपंक ही एक पोशाखाची पद्धत झाली होती, आणि तिचा परिणाम खेळांवर व्हायचा तो झालाच: दंतचक्र लावलेली टोपी, पितळी चष्मा, कारण नसताना वाफ सोडणारी नळी. लिफ्टवुडची किंमत असते, ती टोपीवरच्या चक्राला नसते; कारण ते चक्र काहीच फिरवीत नाही. याला सन्माननीय अपवाद म्हणजे इंग्लंडातील मार्कस रोलँड यांची 1993 पासूनची ‘फरगॉटन फ्यूचर्स’ ही माला, जी संगणकाच्या चकत्यांवरून, पटल्यास पैसे द्या या बोलीवर, वाटली गेली. रोलँड यांनी स्वतःचे विश्व रचलेच नाही. किप्लिंगच्या विमानयुगाच्या कथा किंवा जॉर्ज ग्रिफिथने एका नवविवाहित जोडप्याला ग्रहांच्या सफरीवर धाडले ती कथा, अशी मूळ लिखाणे त्यांनी घेतली आणि त्यांतील विज्ञान, कायदा, समाज यांच्यावर एखाद्या साक्षेपी टीकाकारासारखे भाष्य लिहून ते खेळण्याजोगे केले. त्या काळाचे पूर्वग्रह त्यांनी झाकले नाहीत, गोंजारलेही नाहीत. खेळाच्या पुस्तकाला संपादनाची प्रतिष्ठा आणून देणारा असा दुसरा माणूस या क्षेत्रात मला ठाऊक नाही.

मूळ लिखाणांकडे परत जाण्याचा फायदा आपल्या दृष्टीने आणखी एक आहे. ज्यूल व्हर्नच्या 1880 च्या ‘बाष्पगृह’ या कादंबरीत वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती चाकांची घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून जातो. तो एका राजाच्या फर्माइशीवरून बनविलेला असतो, पण राजा मरतो आणि हत्ती इंग्रजांकडे जातो. त्यातून प्रवास करणाऱ्या कर्नलाला सूड घ्यायचा आहे तो नानासाहेब पेशव्यांवर! त्याच व्हर्नने पाचेक वर्षांपूर्वी कॅप्टन निमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र असल्याचे उघड केले होते, म्हणजे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र, निमोची पाणबुडी, एका पराभूत हिंदी बंडखोराच्या मालकीचे आहे. आणि 1905 साली आपल्या नायकाला चक्क गालिच्यावर बसवून मंगळावर धाडणारा एडविन लेस्टर आर्नल्ड हा ज्या सर एडविन आर्नल्ड यांचा मुलगा, ते 1857 च्या धामधुमीत पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्रिन्सिपल होते. या वाङ्मयाच्या तळघरात आमची माणसे अशी जागोजाग उभी आहेत. खेळांनी वरचे मजले सजविले, तळघराची किल्ली फिरवली नाही.

अलीकडे हालचाल दिसते ती कडेकडेने. 2019 चा ‘सनलेस स्काइज’ हा टेबलावरचा नव्हे, संगणकावरचा खेळ; पण त्यात व्हिक्टोरियाचे साम्राज्य आगगाडीच्या इंजिनांतून आकाशात गेले आहे आणि तेथे खाणीतून काळ खणून काढून पिंपांत भरून विकला जातो; ज्यांना तास विकत घेता येतात ते तरुण राहतात, कामगार झरझर म्हातारे होतात. लिफ्टवुडनंतर इतकी समर्थ जिन्नस या प्रकाराला मिळाली नव्हती, कारण येथे मक्ता थेट आयुष्यावर आहे. टेबलाकडे पाहावे तर ग्रँट हॉविट आणि क्रिस्टोफर टेलर यांच्या 2018 च्या ‘स्पायर’मध्ये खेळाडू परक्या अंमलाखालच्या नगरीतले गुप्त बंडखोर असतात, आणि त्यांच्या कृतींचा दंड त्यांच्या आप्तांनाही भरावा लागू शकतो. प्रजेची बाजू खेळता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पण ती नगरी मंगळावर नाही, आणि तिच्यावरचे आकाश व्हिक्टोरियाचे नाही. सिर्टिस मेजरच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेला कालव्याकाठचा मंगळवासी अजून कोणा खेळाडूच्या वाट्याला आलेला मी पाहिला नाही. दोन फाशांच्या मधल्या वेळात सूत्रधारच त्याचे दोन शब्द, जमेल त्या आवाजात, बोलून टाकतो.