एका रात्रीचे भुयार

दिवाळी अंकात नाटकाची, कादंबरीची, फार तर चित्रपटाची समीक्षा छापली जाते. खेळाची समीक्षा म्हटली की ती वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर, धावफलकाच्या शेजारी शोभते असा आपला समज आहे. पण ज्या खेळाविषयी मी लिहिणार आहे त्याला मैदान नाही, पंच नाही, आणि हारजीतही जवळजवळ नाही. आहे ती एक संहिता, एक सूत्रधार आणि चार-पाच पात्रे. म्हणजे हा खेळ नाटकाच्याच भावकीतला आहे. सीमाभागातल्या एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्यात ज्याची वीसेक वर्षे गेली, त्याने या भावकीची विचारपूस केली तर वाचकांनी रागावू नये.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार समोरचे दृश्य सांगतो, 'आता काय करता?' असे विचारतो, आणि खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा ही या खेळाची खूण. आपल्याकडचे दशावतारी नट काय करतात? आख्यान तेवढे ठरलेले, संवाद रंगमंचावर आयत्या वेळी सुचतील तसे. फरक इतकाच की दशावतारात शेवटी राक्षस मरणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. इथे कोण मरणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसते.

या खेळाच्या संहिता पुस्तिकारूपाने मिळतात. त्यात भुयाराचा नकाशा, क्रमांक घातलेली दालने आणि दालनात काय आहे याचे वर्णन असते. अशा पुस्तिकांपैकी काहींना आता अभिजात म्हणतात. हे खेळ सहसा महिनोन्‌महिने, दर आठवड्याला बसून खेळले जातात. पण ज्यांना एकच रात्र मिळते त्यांनी कोणते अभिजात भुयार निवडावे? प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही वाटला होता, आणि तिथेच मी चुकलो.

आमच्या घरी दिवाळीला पुतण्या-भाच्यांची मुले जमतात. एक पुण्याहून, दोघी बहिणी बेंगळुरूहून, आणि सर्वांत धाकटा, अकरा वर्षांचा, मस्कतहून. त्यात शेजारच्या कन्नड घरातला एक मुलगा भर घालतो. तो निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडात बोलतो आणि सगळ्यांना सगळे कळते. मस्कतचा मुलगा त्या वर्षी तीन वर्षांनी आला होता. त्याचे मराठी अडखळत होते, त्यामुळे भावंडांत तो गप्प गप्प असे. पुतण्याने येताना या खेळाचे साहित्य आणले होते. जुन्या गाजलेल्या भुयारांचे पुनर्मुद्रण असलेला, २०१७ साली निघालेला 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल' हा संग्रह त्यात होता. सूत्रधारपण माझ्याकडे आले. मी परीक्षकाच्या तोऱ्यात सर्वांत नावाजलेली संहिता उचलली: 'टूम ऑफ हॉरर्स'.

ही गायगॅक्सची रचना. १९७५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या 'ओरिजिन्स' या खेळमेळाव्यातील स्पर्धेसाठी त्याने ती योजली आणि १९७८ साली ती पुस्तिकेच्या रूपात आली. आसेरेरॅक नावाच्या मेलेल्या पण न संपलेल्या मांत्रिकाची ही समाधी. आत लढाया थोड्या, सापळे फार. सुरुवातीच्याच मार्गिकेच्या टोकाला भिंतीवर हिरव्या सैतानाचा मुखवटा कोरलेला आहे. त्याचा जबडा वासलेला आणि आत मिट्ट काळोख. त्या काळोखात जो शिरेल तो समूळ नाहीसा होतो. फासा नाही, दयामाया नाही.

आमचा मस्कतकर त्या जबड्यात शिरला. रात्रभरात त्याने धिटाईने मराठीत उच्चारलेले ते पहिलेच पूर्ण वाक्य होते: "मी आत जातो." मी पुस्तिकेत लिहिले होते तसे सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, मी मेलो काय खरंच?" शेजारचा मुलगा म्हणाला, "मेलास की रे!" सगळे हसले, तोही हसला. पुढचे तीन तास तो चकलीची ताटली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. बाकीच्यांनीही मग धसका घेतला. प्रत्येक फरशी काठीने ठोकून पाहायची, कुणी पुढे व्हायचे नाही. बारा वाजता आम्ही थांबलो तेव्हा समाधीचा पाव भागही झाला नव्हता. "उरलेलं उद्या," पुण्याचा म्हणाला. पण धाकट्याची गाडी पहाटेची होती.

मी पुष्कळ दिवस या फसलेल्या प्रयोगाचा विचार करीत होतो. संहिता वाईट होती असे म्हणता येत नाही. ही समाधी लढवय्यांसाठी नसून विचार करणाऱ्यांसाठी आहे, असे पुस्तिकेतच बजावले आहे. आपली पात्रे अजिंक्य आहेत अशी फुशारकी मारणाऱ्या मुरलेल्या खेळाडूंची रग जिरवणे हा गायगॅक्सचा हेतू होता, आणि तो सफल झाला आहे. शिवाय ती मुळात एका बैठकीसाठीच लिहिलेली होती. मग घोटाळा कुठे झाला?

उत्तर मला स्पर्धेच्या टेबलाजवळच सापडले. स्पर्धेतील बैठक आणि घरातील बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेत गटागटांची तुलना करायची असते. कोण किती आत पोचला हे मोजता आले की काम झाले. तिथे अर्धवट राहणे हाही एक निकाल असतो. घरात मोजमाप नको असते, शेवट हवा असतो. शिवाय स्पर्धेतला मेलेला खेळाडू गर्वहरण झाल्याच्या समाधानाने उठून दुसऱ्या टेबलाकडे जातो. घरातल्या मुलाला जायला दुसरे टेबल नसते. एकाच रात्रीसाठी संहिता निवडताना पहिली कसोटी ही, की तिने कुणालाही लवकर भिंतीकडे बसवता कामा नये.

मग मी इतर संहिता वाचल्या. गायगॅक्सचीच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही १९८० च्या सुमारास नवशिक्यांच्या पेटीत घालून दिली जात असे, त्यामुळे असंख्य खेळाडूंची या खेळाशी ओळख तिनेच झाली. सीमेवरची एक गढी, आणि पलीकडच्या दरीत गुहाच गुहा. प्रत्येक गुहेत निराळ्या जमातीची वस्ती. शिकवणारी संहिता म्हणून ती उत्तम आहे. पण ती कादंबरी आहे, एकांकिका नव्हे. कोणत्या गुहेत आधी जायचे ते खेळाडूंनी ठरवायचे, दमले की गढीत परतायचे, जखमा बऱ्या झाल्या की पुन्हा निघायचे. तिला शेवट असा नाहीच. एका रात्रीत एखादी गुहा होईल, आणि एका गुहेवरून दरी कळत नाही.

या संहितेबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. तिच्यात गढीच्या आत सुव्यवस्था आणि बाहेर अनागोंदी अशी सरळ रेघ ओढलेली आहे. पण त्याच गुहांच्या यादीत बायका आणि लहान पिल्लेही मोजून दाखवली आहेत. ती लढत नाहीत, असेही नोंदवले आहे. त्यांचे काय करायचे हे पुस्तिका सांगत नाही. ज्यांच्या अंगणातून सीमा जाते त्या आम्हा लोकांना रेघेच्या पलीकडेही स्वयंपाकघरे असतात हे सांगावे लागत नाही. हा प्रश्न दहा बैठकांत खेळाला खोली देईल; अनुभवी टोळीने तो अवश्य अंगावर घ्यावा. पण रात्री अकरा वाजता, मुले पेंगत असताना तो अचानक समोर आला तर त्याला न्याय मिळणार नाही. मोठ्या प्रश्नाला वेळही मोठा लागतो.

तिसरी संहिता 'द हिडन श्राइन ऑफ तमोआचन', हॅरॉल्ड जॉन्सन आणि जेफ लीसन यांची. हीसुद्धा स्पर्धेचेच अपत्य: १९७९ च्या 'ओरिजिन्स'मध्ये ती खेळली गेली आणि १९८० साली छापली गेली. मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींच्या धर्तीवरचे हे देवालय. हिची सुरुवात मला सर्वांत आवडली. पात्रे दाराशी घुटमळत नाहीत. ती वरून कोसळून थेट तळाशी पडलेली असतात आणि त्यांना वर चढत बाहेर यायचे असते. तळाच्या दालनांत विषारी वायू आहे, म्हणून रेंगाळणे परवडत नाही. वेळेचा ताण संहितेतच विणलेला आहे. एकांकिकेला हवी असते तशी ही उडी आहे. पण दालने पुष्कळ, आणि त्यांची वर्णने लांबलचक. सूत्रधार वाचत राहतो आणि पात्रे ऐकत राहतात. नाटककाराला आपल्या नेपथ्याचा मोह सुटला नाही की असे होते. कात्री चालवणारा सूत्रधार असेल तर ही निवड वाईट नाही.

अखेर मी थांबलो तो लॉरेन्स शिकच्या 'व्हाइट प्लूम माउंटन'पाशी. हे पुस्तक १९७९ चे. खेळ प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळावी म्हणून शिकने हे भुयार आपल्या कामाचा नमुना म्हणून रचले, आणि ते तसेच छापले गेले. कथानक एका वाक्याचे: केराप्टिस नावाच्या मांत्रिकाच्या ज्वालामुखीत चोरीला गेलेली तीन जादूची शस्त्रे आहेत, ती परत आणा. एक त्रिशूळ, एक हातोडा, एक तलवार. आत शिरल्यावर स्फिंक्स वाट अडवून कोडे घालते, आणि तिथून तीन वाटा फुटतात. प्रत्येक वाटेच्या टोकाला एक शस्त्र.

समीक्षक म्हणून या संहितेत मला दोष दिसतात, ते लपवीत नाही. तिच्यात एकसंधता नाही. एका दालनाचा दुसऱ्याशी संबंध नाही. हे प्राणी खातात काय, राहतात कसे, याचा पत्ता नाही. नमुना म्हणून लिहिल्याची खूण पानोपानी दिसते: प्रत्येक दालन म्हणजे 'मला हेही येते' असे सांगणारी एक हुशारी. कादंबरीत हा दोष अक्षम्य ठरेल. परंतु एका रात्रीत तोच गुण होतो. मागचे दालन विसरले तरी पुढच्यात अडत नाही. उशिरा आलेला खेळाडू लगेच सामील होतो. आणि सूत्रधाराला तीनपैकी एक वाट निवडून बाकीच्या मिटवून ठेवता येतात; उरते ते आदि-मध्य-अंत असलेले पुरे नाट्य.

गेल्या दिवाळीत आम्ही हातोड्याची वाट धरली. पात्रे मी आधीच तयार करून ठेवली होती. ती बनवण्यातच निम्मी रात्र जाते. स्फिंक्सच्या कोड्याचे उत्तर चंद्र हे आहे. मी त्याचा मराठीत नवा उखाणा बांधला आणि तो शेजारच्या मुलाने कन्नडात सोडवला. पुढे पाच राक्षसी पुतळे, छातीवर आकडे: पाच, सात, नऊ, अकरा, तेरा. आपल्यातला एक वेगळा आहे, तो ओळखा, असे ते म्हणतात. पुण्याचा तेरावर अडून बसला, अशुभ म्हणून. धाकट्या बहिणीने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "नऊला तीनने भाग जातो. बाकीच्यांना कशानंच नाही." त्या क्षणी फासा कुणाला आठवला नाही. नंतर उकळत्या चिखलावर साखळ्यांनी टांगलेल्या लाकडी तबकड्यांवरून उड्या मारत जायचे, आणि शेवटी हातोड्याची राखण करणारा, शवपेटीतला रक्तपिपासू. प्रत्येक दालनात निराळ्या माणसाचे काम निघाले: एकीची बुद्धी, एकाची उडी, एकाचे धैर्य. पावणेबाराला हातोडा हाती आला. उरलेल्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाने आपले पात्र पुढे काय करील ते सांगितले. ती पंधरा मिनिटे कुठल्याच पुस्तिकेत छापलेली नसतात. निवडणाऱ्याने ती आधीच राखून ठेवायची असतात.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. अभिजात म्हणून जे गाजले ते बहुधा आपल्या अवघडपणामुळे किंवा आवाक्यामुळे. एका बैठकीसाठी निवड करताना कीर्ती बाजूला ठेवावी आणि तीनच गोष्टी पाहाव्यात: पात्रे पहिल्या पाव तासात संकटात सापडतात का, प्रत्येकाला काही करायला मिळते का, आणि झोपेच्या आधी शेवट गाठता येतो का. दीर्घ खेळात चूक सुधारता येते. एका रात्रीच्या खेळात 'पुढच्या वेळी' हा शब्दच नसतो.

गेल्या दिवाळीला मस्कतचा मुलगा येऊ शकला नाही. हातोड्याची हकिकत भावंडांनी त्याला फोनवर सांगितली. त्याने मला एवढेच विचारले, "आजोबा, त्या डोंगरात सैतानाचं तोंड आहे काय?" मी नाही म्हणालो. त्रिशुळाची वाट मी अजून उघडलेली नाही. ती उकळत्या तळ्याच्या पोटात जाते, आणि तिथे पहिल्याने आत जाणारा धीट माणूस लागतो.