स्थिर उत्पन्न गुंतवणूक : संकल्पना आणि वास्तव – एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वित्तीय बाजाराची चर्चा बहुधा समभागांभोवती फिरते. वास्तविक शासन, बँका व उद्योग यांच्या भांडवलउभारणीत कर्जरोख्यांचा वाटा मोठा असतो. सरकारी रोखे, कंपन्यांचे कर्जरोखे, मुदत ठेवी यांचा समावेश 'स्थिर उत्पन्न' या संज्ञेत केला जातो. ही संज्ञा कितपत सार्थ आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेची मर्यादा :
रोख्यात स्थिर असते ते फक्त व्याज देण्याचे वचन. रोख्याची किंमत, पैशाची क्रयशक्ती आणि वचनाची पूर्तता या तीनही बाबी अस्थिर असतात. उदाहरणार्थ, १,००० रुपये दर्शनी मूल्याचा, वार्षिक ७ टक्के व्याजाचा, १० वर्षे मुदतीचा रोखा घेतल्यानंतर लगेच बाजारातील दर ८ टक्के झाला, तर त्या रोख्याची किंमत सुमारे ९३३ रुपयांवर येते. मुदतपूर्तीपर्यंत थांबणाऱ्यास मुद्दल पूर्ण मिळते. मध्येच विकणाऱ्यास तोटा सोसावा लागतो. महागाईचा दर ७ टक्क्यांहून अधिक राहिल्यास थांबणाऱ्याचीही क्रयशक्ती घटतेच.

बाजारातील भूमिका :
सरकारी रोख्यांवरील परताव्याचा दर हा इतर कर्जांच्या दरनिश्चितीचा पाया मानला जातो. रिझर्व्ह बँकेचे पतधोरणही याच बाजारातून अर्थव्यवस्थेत उतरते. मात्र वैधानिक रोखता प्रमाणामुळे बँकांना असे रोखे बाळगावेच लागतात. आयुर्विमा कंपन्या व भविष्य निर्वाह निधी यांवरही गुंतवणुकीचे निर्बंध आहेत. ग्राहक जिथे अंशतः सक्तीचा, तिथे दर हा निखळ बाजाराचा कौल म्हणता येत नाही. जून २०२४ पासून जे. पी. मॉर्गनच्या निर्देशांकात भारतीय सरकारी रोख्यांचा समावेश सुरू झाल्याने परकीय मागणीची भर पडली. तथापि तिच्यासोबत परकीय भांडवलाची चंचलताही येते.

दोन धडे :
आयएल अँड एफएस समूहावर ९० हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते. २०१८ च्या मध्यापर्यंत तिच्या कर्जरोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. सप्टेंबरमध्ये ते थेट थकबाकीच्या श्रेणीत गेले. अनेक भविष्य निर्वाह निधींचा पैसा त्यात अडकला. मानांकन हे मत असते, हमी नव्हे, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा रोखतेचा. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने सुमारे २५ हजार कोटी रुपयांच्या सहा कर्जरोखे योजना बंद करण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदारांना पुढे टप्प्याटप्प्याने रक्कम परत मिळाली. परंतु गरजेच्या वेळी ती हाती नव्हती. सेवानिवृत्तासाठी वेळेवर न मिळालेला पैसा हाही तोटाच होय.

चिकित्सा :
नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' योजनेद्वारे सामान्य गुंतवणूकदारास सरकारी रोखे थेट खरेदी करण्याची सोय दिली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे; पण खरेदीची सोय म्हणजे विक्रीची सोय नव्हे. लहान रकमेच्या रोख्यांना दुय्यम बाजारात ग्राहक मिळणे कठीण असते. बँक ठेवींनाही ५ लाख रुपयांपर्यंतच विमासंरक्षण आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारून अंशदायी योजना लागू करण्यात आली. अशा योजनेतील निधीचा मोठा हिस्सा कर्जरोख्यांतच गुंतवला जातो. म्हणजेच जी जोखीम पूर्वी शासन वाहत होते, ती आता व्यक्तीकडे आली. तिला समजून घेण्याचे शिक्षण मात्र आले नाही.

निष्कर्ष :
स्थिर उत्पन्न गुंतवणूक जोखीममुक्त नसून तिची जोखीम वेगळ्या स्वरूपाची आहे. व्याजदर, महागाई, पत आणि रोखता या चार कसोट्या लावल्याशिवाय तिला 'सुरक्षित' म्हणणे अशास्त्रीय ठरते. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात रोख्याची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्याची किंमत काढण्यास शिकवणे अधिक उपयुक्त ठरेल.