दोन गोधड्या आणि एक गठ्ठा

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात माळशिरस तालुक्यात जाण्याचा योग आला, तर नीरा उजव्या कालव्याच्या काठाने जरा रमतगमत जावे. घरोघरच्या गोधड्या आणि वाकळा त्या दिवसांत धुवायला काढलेल्या असतात. कुंपणांवर, बाभळींवर, उसाच्या बांधांवर त्या वाळत पडलेल्या दिसतात. पुण्यामुंबईच्या चित्रप्रदर्शनांत माणूस चित्राआधी त्याखालची चिठ्ठी वाचतो. इथे चिठ्ठी नाही, करणारणीचे नाव नाही. चित्र आपले पाणी गाळीत समोर उभे.

या प्रदर्शनाची समीक्षा मात्र सहसा कुणी करीत नाही. गोधडीवर मराठीत लिहिले जात नाही असे नव्हे. पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यातले बहुतेक लेखन गोधडीवर नसतेच, ते आजीवर असते. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, तो आजोबांच्या धोतराचा, हा मावशीच्या चोळीच्या खणाचा, अशी वंशावळ सांगून झाली की लेखकाचा कंठ दाटून येतो आणि लेख संपतो. टाका कसा पडला आहे, रंग एकमेकांशेजारी कसे नांदतात, घाट साधला की फसला, याविषयी अवाक्षर नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण असा एक लेख मीही लिहिलेला आहे आणि तो वाचून काही वाचकांचे डोळे पाणावल्याची पत्रे माझ्याजवळ आहेत.

त्या लेखाची शिक्षा मला झाली नाही, आमच्या वहिनींना झाली. दोन वर्षांपूर्वी पुतण्याला मुलगी झाली. बाळ माळशिरसच्या घरी आले, तेव्हा वहिनींनी त्याच्यासाठी शिवलेली नवी गोधडी माझ्या हाती दिली. घरातला लिहिणारा माणूस म्हणून माझे मत हवे होते. मी ती उलगडली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "वहिनी, यात कुणाचं लुगडं आहे?"

"कुणाचंच नाही, भाऊजी. सोलापुरातनं किलोवर गठ्ठा आणला."

"मग ही गोधडी कसली? हा तर शाळेचा हजेरीपट!"

सारे हसले. वहिनीही हसल्या. बाळाखाली आजीची जुनी गोधडी गेली आणि नवीची घडी ट्रंकेवर गेली. यंदा गेलो तेव्हा ती तिथेच होती, त्याच घडीत. मी दोन्ही गोधड्या मागून घेतल्या आणि ओसरीवर शेजारी शेजारी अंथरल्या.

आजीची गोधडी आधी पाहू. वर हिरवे इरकली लुगडे, त्याचा काठ दोन्ही अंगांना तसाच राखलेला. पोटात धोतरांचे थर. स्पर्श असा, की हात ठेवला तर काढवत नाही. पण डोळ्यांनी पाहू लागलो, तेव्हा मला आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. मधला भाग पुष्कळसा रिकामा आहे. कडेचे टाके बारीक आणि एका मापाचे, पण मध्याकडे जाता जाता ते लांबत गेले आहेत. काम आटोपायचे होते, हे उघड दिसते. पायथ्याची ठिगळे जिथे फाटले तिथे पडली आहेत, त्यांत मांडणी नाही. हे दोष काढताना माझी जीभ अडखळली, हे कबूल करतो. तथापि आजीचे प्रेम आणि आजीचा टाका या दोन वस्तू आहेत, आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरीला गुण देणे हा आजीच्या कसबाचाही अपमानच होय. कडेच्या त्या चार ओळी तिने किती सुरेख घातल्या आहेत!

आता वहिनींची. सोलापुरात शाळेच्या गणवेशांची शिवण मोठ्या प्रमाणावर चालते. तिथे कापड एकेक बेतून कापीत नाहीत. थरावर थर रचून एकदम कापतात. त्यामुळे उरणारी चिंधीही एकटीदुकटी नसते. बाहीच्या गोलाईतून निघालेली चंद्रकोर निघते तीही एकाच मापाची, थरांइतकी. गळ्याचा अर्धगोल तसाच, विजारीच्या बगलेची निमुळती पट्टी तशीच. वहिनींना गठ्ठ्यात मिळाले ते हे: खाकी, गडद निळे, पांढरे आणि लाल-करडी चौकडी, सारे दुसऱ्याच्या कात्रीने आधीच कापलेले. लुगड्याच्या तुकड्यात नेसणारी आठवते. या कोरीत जे शिवून गेले त्या सदऱ्याचा फक्त रिकामा आकार उरलेला असतो. कुणा अनोळखी पोराचा खांदा तिथून गेला आहे.

या कोरींचे काय करावे? सामान्य बाईने त्या कापून चौकोन केले असते. वहिनींनी कोर कोरच ठेवली. निळ्या कोरी एका दिशेने ओळीत लावल्या, खालच्या ओळीत खाकी कोरी उलट्या तोंडाने, आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्याची बारीक फट. पाहता पाहता ती ओळ हलू लागते. कालव्याला पाणी सुटले की काठाशी ज्या लाटा येतात तशी. चौकडीचा तुकडा दर ओळीत एकच, आणि तो कधीच मागच्याच्या बरोबर खाली नाही. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. ती समजावताना आम्ही मंडळी आजवर कवितांचे दाखले देत आलो. मला ती तिन्ही ओसरीवर पडलेली दिसली. वहिनींनी मर्ढेकर वाचलेले नाहीत. मी वाचले होते, आणि दोन वर्षांपूर्वी मला काहीच दिसले नव्हते.

कुणी म्हणेल, दुसऱ्याने कापलेल्या तुकड्यांत कसली आली कला? अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे एक खेडे आहे. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. 1972 मध्ये तिथल्या परिसरातील बायकांच्या सहकारी संस्थेला सिअर्स या बड्या दुकानाकडून कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले, आणि त्याच्या उरलेल्या चिंध्या घरोघर गेल्या. त्या चिंध्यांतून या बायकांनी काही अपूर्व गोधड्या केल्या. 2002 मध्ये गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. तिथे कुणी विचारले नाही की यात लुगडे कुणाचे.

पण सगळेच गठ्ठे सारखे नव्हेत. भाची अमेरिकेहून आली, तिने वहिनींसाठी तिकडचा एक गठ्ठा आणला. तिकडे गोधडीसाठीच नवे कापड कापून विकतात. पाच इंची चौकोनांचा गठ्ठा तो चार्म पॅक, दहा इंचींचा लेयर केक, अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी ती जेली रोल. नावे ऐकून वाटावे, दिवाळीचा फराळच मांडला आहे! चौकोन अगदी काटेकोर, कडा दातेरी कापलेल्या म्हणजे सुते निघू नयेत, आणि रंग आधीच जुळवून दिलेले. कोणताही तुकडा कुठेही लावा, वाईट दिसणार नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. कातरणाचा तुकडा अडवणूक करतो, त्याच्याशी भांडावे लागते, आणि वहिनींच्या लाटा त्या भांडणातून निघाल्या. नवशिक्या हाताला हा गठ्ठा बरा, धीर देणारा. पण त्यातली निवड कुणी तरी दूर बसून आधीच करून टाकलेली आहे. वहिनींनी तो उघडला, चार चौकोन मांडले आणि म्हणाल्या, "हे तर आधीच जुळलंय, भाऊजी. यात मी काय करू?"

त्या रात्री मी वहिनींची गोधडी मागून घेतली. समीक्षकाने पुस्तक चाळून मत देऊ नये, तसे गोधडी न पांघरता देऊ नये. पहाटे तीनच्या सुमारास थंडीने जागा झालो. गोधडी खाली पडली होती. गणवेशाचे टेरिकॉट गुळगुळीत, अंगावरून घसरते. घामही टिपत नाही. बाळाखाली जुने सुती लुगडे अंथरतात ते केवळ मायेपोटी नव्हे, हेही तेव्हा कळले. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा घरच्यांचा निर्णय बरोबर होता, फक्त मी दिलेले कारण खोटे होते.

सकाळी चहा घेताना हे सारे वहिनींना सांगितले. लाटांचे आधी, घसरण्याचे मागून. लाटांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. घसरण्याविषयी म्हणाल्या, "अस्तर बदलायला पाहिजे. तुमच्या दादांची दोन धोतरं आहेत जुनी." मग जरा वेळाने आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. अमेरिकेच्या गठ्ठ्यातला एक फुलाफुलांचा चौकोन त्यांनी निळ्या कोरीवर ठेवला, बोटाने रेघ धरली आणि त्याची दातेरी कड गोल कापायला घेतली.