सुया मोजल्या, पण माणसं कोणती मोजली?

मागच्या लेखात आपण कोहोर्ट अभ्यास म्हणजे काय ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: व्याख्या कळली, पण पेपर समोर आला की त्याची चिकित्सा करायची कशी? म्हणून आज एकच विषय घेऊन त्यावरचे तीन-चार अभ्यास शेजारी ठेवून वाचू. विषय आहे सुई-बदल कार्यक्रम. यावर पेपर भरपूर आहेत, मतं त्याहून भरपूर आहेत, आणि पेपर चुकीचा वाचला गेला तर त्याची किंमत रस्त्यावरची माणसं मोजतात.

आधी कार्यक्रम समजून घ्या. इंजेक्शननं नशा करणारे लोक सुई-सिरिंज एकमेकांत वापरतात. वापरलेल्या सिरिंजमध्ये थोडं रक्त उरतं आणि त्यातून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कार्यक्रम सांगतो: वापरलेली सुई आणून द्या, नवी न्या. सोबत तपासणी, जखमांवर मलमपट्टी, समुपदेशन. १९८४ मध्ये अॅमस्टरडॅमला नशा करणाऱ्यांच्याच संघटनेनं हेपटायटिस बी थांबवण्यासाठी याची सुरुवात केली. आपल्याकडे मणिपूरनंतर लक्ष वेधलं ते मुंबईनं. ज्यांना शहर 'गर्दुल्ले' म्हणून ओलांडून जातं, त्यांच्यात संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यापासून काम करते. नंतर नॅकोनं हे काम राष्ट्रीय कार्यक्रमातच घेतलं.

आता मुद्द्याचा प्रश्न: याचा उपयोग होतो का?

समर्थक हमखास पुढे करतात तो पेपर १९९७ चा, 'लॅन्सेट'मधला. हर्ली, जॉली आणि कॅल्डोर यांनी जगातली ८१ शहरं घेतली. कार्यक्रम असलेल्या २९ शहरांत इंजेक्शन घेणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण वर्षाला सरासरी ५.८ टक्क्यांनी घटत होतं आणि कार्यक्रम नसलेल्या ५२ शहरांत ५.९ टक्क्यांनी वाढत होतं. आकडे इतके नीटनेटके आहेत की स्लाइडवर टाकण्याचा मोह होतो. पण थांबा. इथे एकक माणूस नसून शहर आहे. कार्यक्रम सुरू करणारं शहर बहुधा इतर गोष्टीही करतं: तपासणी वाढवतं, उपचार देतं, पोलिसांशी बोलतं. श्रेय नेमकं कोणाचं? शिवाय मोजलंय ते प्रादुर्भावाचं प्रमाण, नव्या लागणी नाहीत. साथ जुनी असेल आणि बाधित माणसं मरत असतील तरी प्रमाण घटतं! कार्यक्रमाच्या बाजूनं निष्कर्ष निघतो म्हणून हा पेपर भक्कम ठरत नाही.

विरोधकांचा आवडता पेपरही १९९७ चाच. माँट्रियलमध्ये ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी १,५९९ जणांची नोंद केली आणि त्यातल्या एचआयव्ही नसलेल्यांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष धक्कादायक होता: कार्यक्रमातून सुया घेणाऱ्यांमध्ये लागण होण्याची एकत्रित शक्यता ३३ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये १३ टक्के. त्याच वर्षी व्हँकुव्हरहून बातमी आली की तिथल्या अभ्यासातल्या ९२ टक्के लोकांनी कार्यक्रमाचा लाभ घेतला होता, तरी २३ टक्के आधीच बाधित होते आणि दर १०० व्यक्ती-वर्षांमागे १८.६ नव्या लागणी होत होत्या. झालं! अमेरिकेत 'सुया वाटल्या की एचआयव्ही वाढतो' असा अर्थ काढला गेला आणि संघीय निधीला विरोध करताना हेच दोन अभ्यास दाखवले गेले.

रचनेच्या दृष्टीनं माँट्रियलचा अभ्यास 'लॅन्सेट'वाल्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. तिथे माणूस मोजलाय, तोही काळाच्या ओघात. घोटाळा आहे तो कोण कोणत्या गटात गेला इथे. कॅनडात सुई औषधाच्या दुकानात कायदेशीर मिळत होती. ज्याच्याकडे चार पैसे होते, घर होतं, तो दुकानातून घेई. कार्यक्रमाकडे येई तो बेघर, दिवसातून अनेकदा कोकेन टोचणारा, देहविक्रीवर जगणारा. म्हणजे धोका आधीपासून जास्त असलेली माणसंच त्या गटात जमली. रुग्णालयात घरापेक्षा जास्त माणसं मरतात, म्हणून रुग्णालय माणसं मारतं असं आपण म्हणत नाही ना? हेही तसंच. ब्रुनो आणि व्हँकुव्हरचे शेख्टर यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपल्याच निष्कर्षांचा असा अर्थ लावू नका असं सांगितलं. १९९९ मध्ये व्हँकुव्हरच्या गटानं वारंवार येणाऱ्यांचा मूळचा धोका वेगळा काढून दाखवला, तेव्हा कार्यक्रमावरचा आरोप टिकला नाही.

तुम्ही म्हणाल, सांख्यिकी समायोजन केलं असेल की. केलं होतं. पण समायोजन फक्त मोजलेल्या गोष्टींचं होतं. रात्री झोपायला जागा नसणं, पोलिसांच्या भीतीनं घाईघाईत टोचणं, हे प्रश्नावलीत नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर ते भरून काढत नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो न्यू हेवनचा अभ्यास. तिथे १९९० च्या शेवटी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कॅप्लन आणि हाइमर यांनी माणसांना फारसं विचारलंच नाही, थेट सुयांना विचारलं. प्रत्येक सुईवर खूण घातली, ती परत किती दिवसांनी येते ते नोंदवलं आणि परत आलेल्या सुयांची एचआयव्हीसाठी चाचणी केली. मलेरियाच्या गणितात डासाची जी जागा, ती इथे सुईची. सुई जितके दिवस फिरते तितकी तिला बाधित होण्याची आणि बाधा पसरवण्याची संधी जास्त. सुरुवातीला साधारण दोन-तृतीयांश सुयांवर विषाणूच्या खुणा सापडल्या आणि काही महिन्यांत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशानं उतरलं. यात 'मी सुई वाटून घेत नाही' असं लाजेखातर दिलेलं उत्तर मध्ये येत नाही. मर्यादा मात्र आहे. नव्या लागणी ३३ टक्क्यांनी घटल्या हा त्यांचा अंदाज प्रारूपातून आलेला आहे, प्रत्यक्ष माणसं मोजून नव्हे.

आणि 'फुकट सुई दिली तर नशा वाढेल' या आक्षेपाचं काय? अलास्कात अँकरेज इथे यादृच्छिक चाचणी झाली (२००३). एका गटाला सुई-बदल केंद्र, दुसऱ्याला औषधाच्या दुकानातून सुई विकत घेण्याचं मार्गदर्शन. केंद्रामुळे टोचण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. सगळ्या अभ्यासांचा मिळून काय सूर आहे? २०१४ च्या एका मेटा-विश्लेषणात लागणीचं सापेक्ष प्रमाण ०.६६ आलं, पण विश्वासमर्यादा ०.४३ ते १.०१, म्हणजे १ ला जेमतेम शिवणारी. फक्त चांगल्या दर्जाचे सहा अभ्यास घेतले तेव्हा ०.४२ (०.२२ ते ०.८१). अभ्यास जितका काटेकोर, तितका फायदा स्पष्ट. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

आता आपल्याकडे या. नॅकोच्या २००७ च्या सेंटिनेल सर्वेक्षणात इंजेक्शननं नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण देशात ७.२ टक्के आलं, महाराष्ट्रात २४.४ टक्के. मणिपूरपेक्षाही (१७.९) जास्त! हा आकडा प्रबंधांच्या प्रस्तावनेत सर्रास दिसतो. पण नमुना आला कुठून? या गटाचं सर्वेक्षण सेवा देणाऱ्या प्रकल्पांमध्ये येणाऱ्यांवर होतं. म्हणजे परत माँट्रियलचाच पेच: प्रकल्पापर्यंत पोचणारा माणूस हा सगळ्यांचा प्रतिनिधी असतो का? '२४.४ टक्के' हे त्या केंद्रांत आलेल्यांबद्दलचं विधान आहे. राज्यातल्या प्रत्येक इंजेक्शन घेणाऱ्याबद्दल ते लिहायचं तर आधार वेगळा लागेल.

दुसरा सापळा काळाचा. २०२१ च्या सर्वेक्षणात देशाचा आकडा ९.०३ टक्के आहे. '७.२ वरून ९, म्हणजे कार्यक्रम फसला' असं लिहिलेलं वाचलं तर लगेच मान डोलावू नका. २००४ पासून एआरटी मोफत मिळते, बाधित माणसं जगतात, आणि जगणारी माणसं प्रमाणात मोजली जातात. केंद्रंही बदलली, वाढली. नव्या लागणी वेगळ्या मोजल्याशिवाय यश-अपयश ठरत नाही.

तिसरा सापळा भागाकाराचा, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. कार्यक्रमाचे अहवाल वाटलेल्या सुया आणि परत आलेल्या सुया तपशिलानं सांगतात. पण व्याप्ती काढायला खाली माणसांची संख्या लागते. राष्ट्रीय कार्यक्रम बराच काळ १.७७ लाख हा अंदाज धरून चालला. २०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल आला, त्यात अंदाज होता सुमारे ८.५ लाख. दोन्हींच्या पद्धती आणि काळ वेगळे आहेत, तरी गणित करून बघा. समजा वर्षाला ३.५४ कोटी सुया वाटल्या. १.७७ लाखांनी भागलं तर माणशी २००, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची जुनी पातळी गाठली, शाबास! ८.५ लाखांनी भागलं तर माणशी ४२. सुया त्याच, कष्ट तेच, निष्कर्ष उलटा. शिवाय दिवसाला तीनदा टोचणाऱ्याला वर्षाला १,०९५ सुया लागतात. त्याच्यासाठी २०० म्हणजे पाचातली एकही नाही. सुई परत येण्याचं प्रमाण हेच यश मानलं तर कार्यकर्ता 'जुनी आण, तरच नवी' असं म्हणू लागतो, आणि ज्याची सुई पोलिसांच्या धास्तीनं फेकली गेली तो रिकाम्या हातानं परत जातो. त्या रात्री तो कोणाची तरी वापरलेली घेतो. मापदंड चुकला की नुकसान असं होतं.

पोलिसांच्या धास्तीवरून कायदाही पाहू. एनडीपीएस कायदा (१९८५) नशा करणं हा गुन्हा मानतो. एचआयव्ही आणि एड्स कायद्याचं (२०१७) कलम २२ मात्र केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालणाऱ्या अशा कामाला संरक्षण देतं, आणि सुई-बदल हे त्यातलं एक उदाहरणच आहे. संशोधन आराखडा लिहिताना, नैतिक समितीपुढे जाताना हे कलम माहीत हवं. तुमच्या प्रश्नावलीतलं उत्तर हे त्या माणसाच्या दृष्टीनं गुन्ह्याची कबुली असू शकते.

शेवटी एक सराव. मी हे ताम्हिणीत, घरी बसून लिहितेय. पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या कडेनं रस्ता घाटाकडे येतो, वाड्या विखुरलेल्या, आणि गाव एवढं की कोण कुठे गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. 'ग्रामीण भागात असलं काही नसतं' म्हणून विषय सोडू नका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी या छोट्या ग्रामीण भागात १८० हून अधिक लोकांना एचआयव्ही झाला, आणि आणीबाणी जाहीर झाल्यावरच सुई-बदलाला परवानगी मिळाली. पण मुंबईचं केंद्र उचलून गावात ठेवलं तर तिथे जाणं म्हणजे स्वतःवर शिक्का मारून घेणं. आणखी एक: गावात सुई म्हटलं की आधी ताप-अंगदुखीसाठी मागून घेतलेलं इंजेक्शन आठवतं. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात बांगरमऊला अनेकांना एचआयव्ही झाल्याचं आढळलं तेव्हा संशय एकच सिरिंज वापरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर होता. तिथे सुई-बदल केंद्राचा काय उपयोग? रोग तोच, सुई तीच, वाट वेगळी.

तर तुमच्या तालुक्यासाठी अर्ध्या पानात संशोधन प्रश्न लिहा. त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: नमुन्यात कोण येईल आणि कोण येणार नाही, भागाकारात खाली कोणता आकडा असेल, आणि तुम्ही नव्या लागणी मोजणार की एकूण प्रमाण. ही तीन वाक्यं नीट जमली तर पद्धतिशास्त्राचं निम्मं प्रकरण झालं म्हणून समजा. पुढच्या लेखात लपलेल्या लोकसंख्येचा आकडा काढतात कसा, ते पाहू.