घर झपाटतं की माणूस? हिल हाउसच्या तीन फेऱ्या

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं.

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'भुताच्या घराचे सिनेमे, जुने आणि नवे' असं सांगून मोकळी झाले. मग यादी करायला बसले आणि घाबरले. भुतांना नाही, यादीला. (हशा) म्हणून आज एकच घर घेणार आहे. शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' ही कादंबरी १९५९ साली आली. तिच्यावर १९६३ मध्ये रॉबर्ट वाइजनं 'द हॉन्टिंग' केला, १९९९ मध्ये यान द बॉन्टनं त्याच नावाचा दुसरा सिनेमा केला आणि २०१८ मध्ये माइक फ्लॅनगननं नेटफ्लिक्ससाठी दहा भागांची मालिका केली. घर तेच, काळ तीन. जुन्या-नव्याची तुलना करायला इतकी सोयीची गोष्ट दुसरी सापडायची नाही. शेवट सांगणार आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांना नको असेल त्यांनी त्या वेळी कानात बोटं घालावीत.

आधी शब्दाकडे बघू. 'हॉन्टेड हाउस'ला आपण आज सहज 'झपाटलेलं घर' म्हणतो. पण आमच्या घरात जुनी माणसं तसं म्हणत नसत. झपाटायचं ते माणसाला. बाधा व्हायची ती माणसाला. घराबद्दल फार तर 'ती जागा चांगली नाही' इतकंच, तेही तिन्हीसांजेला नाही. आपले 'झपाटलेला', 'पछाडलेला' हे सिनेमे आठवा. नावात कोणीतरी माणूस आहे, घर नाही. मला हा फरक वाइजच्या सिनेमाची किल्ली वाटतो. कारण तिथे शेवटपर्यंत कळत नाही की बाधा झालीय ती वास्तूला, की तिथे राहायला आलेल्या बाईला.

गोष्ट थोडक्यात सांगते. डॉक्टर मार्कवे नावाचे एक संशोधक अमानवी प्रकारांचा अभ्यास करायला काही जणांना हिल हाउसमध्ये बोलावतात. त्यातली एक एलनॉर. हे काम केलंय जूली हॅरिसनं. अकरा वर्षं तिनं आजारी आईची सेवा केली. आई गेल्यावर ती बहिणीकडे राहते, दिवाणखान्यातल्या कोचावर झोपते. तिला स्वतःची खोली नाही. गाडी आहे, तीही बहिणीबरोबर अर्धी-अर्धी. ती गाडी बहीण नको म्हणत असताना घेऊन ती निघते. म्हणजे भूत दिसायच्या कितीतरी आधी आपण एका बाईला घरातून पळून जाताना बघतो, आणि तिचं मनातलं बोलणं सतत ऐकत असतो. काहींना ते बोलणं फार वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

आता तो प्रसंग. बहुतेकांनी यूट्यूबवर तुकडा पाहिला असेल, पण तुकड्यात तो मरतो. रात्र आहे. एलनॉर अंधारात पडून भिंतीपलीकडली कुजबुज ऐकतेय. शेजारी थिओ झोपलीय, क्लेअर ब्लूम. एलनॉर घाबरून थिओचा हात धरते. हात घट्ट होत जातो, दुखायला लागतो. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि भिंतीवरच्या नक्षीवर. त्या नक्षीत हळूहळू डोळे, तोंड दिसायला लागतं. बदलत काहीच नाही, आपणच बघत राहतो म्हणून दिसतं. मग ती ओरडते, दिवा लागतो, आणि थिओ खोलीच्या दुसऱ्या बाजूला आहे. मग हात कोणाचा होता?

इथे नेहमीचं वाक्य येतं: जुने सिनेमे दाखवत नाहीत म्हणून भीती वाटते, नवे सगळं दाखवतात म्हणून नाही वाटत. हे वाक्य आपण सगळेच टाकतो आणि चहा प्यायला जातो. पण ते पुरतं खरं नाही. वाइज दाखवतो की! भरभक्कम लाकडी दार आत फुगतं, श्वास घेतल्यासारखं. ग्रंथालयातल्या जिन्याच्या टोकाला वरची झडप उघडून एकदम एक चेहरा बाहेर येतो. तो साधासुधा दचकवणारा धक्का आहे, आजच्या कुठल्याही सिनेमात चालेल असा. (ती बाई म्हणजे लोइस मॅक्सवेल, बॉन्डच्या सिनेमांतली मिस मनीपेनी. हे कळल्यापासून मला त्या प्रसंगात हसूच येतं.) आणि आवाज तर विचारू नका. भिंती ठोकल्याचे दणके इतके मोठे आहेत की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले होते.

वाइज मुळात संकलक. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'चं संकलन त्याचं. पुढे आरकेओमध्ये वॅल ल्यूटनच्या हाताखाली तो कमी पैशांचे भीतीपट करायला शिकला. 'द बॉडी स्नॅचर' १९४५चा. 'द हॉन्टिंग' त्यानं केला तो 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' यांच्या मधल्या काळात. दोन प्रचंड संगीतिका आणि मध्ये हे काळं-पांढरं घर! बाहेरून दिसणारी इमारत इंग्लंडमधल्या वॉरविकशरमधली एटिंग्टन पार्क. तिची काही दृश्यं त्यानं इन्फ्रारेड फिल्मवर घेतली, त्यामुळे आकाश आणि दगड दोन्ही आजारी दिसतात. पॅनाव्हिजनकडून एक रुंद कोनाची भिंग मागवली. ती अजून पूर्ण तयार नव्हती, कडांना चित्र वाकायचं. त्याला तेच हवं होतं. घराचे कोपरे काटकोनात नाहीत असं गोष्टीत म्हटलंय, ते त्यानं भिंगातून करून दाखवलं. आणि ते ठोकल्याचे आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटांना ऐकवले. म्हणजे जूली हॅरिस दचकते ती खऱ्या आवाजाला.

आता त्या आवाजाविषयी. एलनॉरची आई मदत हवी असली की भिंतीवर ठोकायची. शेवटच्या रात्रीही ठोकलं, आणि एलनॉर गेली नाही. हिल हाउसमध्ये पहिल्या रात्री ठोकण्याचा आवाज येतो तेव्हा अर्धवट झोपेत तिला वाटतं, आईच बोलावतेय.

माझी आत्या आजीचं सगळं करायची. दादरला दोन खोल्या. आजी अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा. हवं असलं की चमचा वाटीवर वाजवायची. नऊ वर्षं. आजी गेली आणि त्यानंतरही आत्या रात्री दोन-अडीचला उठून बसायची. चमचा वाजला म्हणायची. कोणी म्हणालं शांत करून घ्या, कोणी म्हणालं डॉक्टरांना दाखवा. तिला स्वतःला काय वाटत होतं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा मी कॉलेजात होते, आणि खरं सांगायचं तर मला तिची चीड यायची. पुढे कितीतरी वर्षांनी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा ते ठोकणं ऐकताना मला भूतबीत आठवलं नाही. ती वाटी आठवली. आणि एलनॉरचं सततचं बोलणं जास्त का आहे हेही कळलं: तिचं ऐकायला दुसरं कोणी नाहीच.

त्यामुळे हिल हाउस तिला ओढतं, भिंतीवर तिचंच नाव लिहिलेलं सापडतं, तेव्हा तिला भीतीबरोबर आनंदही होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुठलंतरी घर तिला ये म्हणतंय. ही गोष्ट मला दारापेक्षा, हातापेक्षा जास्त भयानक वाटते.

आता १९९९. ड्रीमवर्क्स, सुमारे ८ कोटी डॉलर, लियाम नीसन, कॅथरिन झीटा-जोन्स, ओवेन विल्सन, आणि एलनॉर लिली टेलर. सेट डोळे दिपवणारे आहेत. त्यात मूर्ती वळतात, छत खाली येतं, पलंग माणसाला जखडतो, शेकोटीतला सिंह एकाचं मुंडकं उडवतो. याला सगळ्यांनी कॉम्प्युटर ग्राफिक्सबद्दल शिव्या दिल्या. माझं मत वेगळं आहे. ग्राफिक्स वाईट आहेत, मान्य. पण सिनेमा पडतो तो पटकथेत. इथेही सुरुवातीला आजारी आई आहे, सेवा आहे. पण पुढे काय होतं? एलनॉरला कळतं की घराचा मालक ह्यू क्रेन हा मुलांचा छळ करणारा राक्षस होता आणि ती स्वतः त्याच्या दुसऱ्या बायकोची वंशज आहे. मग ती त्या मुलांना सोडवते, त्याला नरकात ढकलते आणि वर जाते.

बघा काय केलंय ते. वंशावळ दिली, म्हणजे घरानं तिलाच का बोलावलं याला सरळ कारण मिळालं. खलनायक दिला, म्हणजे तिची स्वतःची अपराधी भावना कुठे ठेवायची हा प्रश्नच मिटला. आईचं ठोकणं कुठल्या कुठे गेलं. गंमत म्हणजे त्याच जुलैमध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. त्याला सेट नाही, भूत नाही, तीन पोरं आणि रान. लोक त्याला घाबरले. पैशांचा मुद्दा एवढ्यापुरताच.

पण नव्यांवर अन्याय नको. लिली टेलर पुढे २०१३ मध्ये जेम्स वॉनच्या 'द कॉन्जुरिंग'मध्ये आली, आईच्या भूमिकेत. त्यात टाळ्यांचा खेळ आहे: डोळ्यांवर पट्टी बांधून शोधायचं, लपलेल्यानं टाळ्या वाजवायच्या. ती मुलीला शोधतेय आणि कपाटातून दोन हात बाहेर येऊन टाळी वाजवतात. मुलगी तिथे नाहीच. हा १९६३चाच हात आहे! पन्नास वर्षांनी भेटायला आला. आणि प्रसंग उत्तम आहे, मी थिएटरात खुर्चीचा हात धरला होता. (शेजारी कोणी नव्हतं म्हणून खुर्चीचा.) फरक असा की वाइजनं हात दाखवला नाही आणि त्याचा धनीही सांगितला नाही. वॉन हात दाखवतो, आणि पुढे चेटकिणीचं नाव-गाव सगळं सांगतो. नाव कळलं की मंत्र सापडतो. शेवटी बाधा बाईच्या अंगात येते आणि ती उतरवली जाते.

हे आपल्याला ओळखीचं आहे ना? राम गोपाल वर्माचा 'भूत', २००३. वाडा नाही, हवेली नाही, मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट. एकही गाणं नाही. लिफ्ट, वॉचमन, बाल्कनी. पण घरातलं भूत निघतं आणि ऊर्मिला मातोंडकरच्या अंगात शिरतं. मग तपास, मग न्याय. त्याआधीच्या हिंदी सिनेमात तर भूतच खोटं निघायचं. 'महल' बघा, 'बीस साल बाद' बघा. म्हणजे आपण 'ती बाई का गाते' याचं उत्तर आधी माणसात शोधलं, नंतर आत्म्यात. एलनॉरसारखं उत्तर अर्धवट सोडायला आपल्याकडे फारसं कोणी धजावलेलं नाही. धारप-मतकरी वाचून वाढलेल्या वाचकाला ते झेपलं असतं, असं माझं आपलं मत.

राहता राहिली फ्लॅनगनची मालिका. त्यानं कादंबरीचं घर घेतलं आणि आत दुसरंच कुटुंब ठेवलं: आई, वडील, पाच मुलं. मुलं मोठी झाल्यावरही घर त्यांच्यात राहतं. इथे बाधा माणसाला, हे अगदी आपल्या अर्थानं. चौकटीच्या मागे, दाराआड तो भुतं ठेवतो आणि त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. तुम्ही पुन्हा बघायला बसता आणि तेव्हा दिसतं की पहिल्यांदा बघत होतो तेव्हाही तो तिथे उभा होता. १९६३च्या ल्यूकला, रस टॅम्बलिनला, त्यानं छोटं काम दिलंय, नेलच्या मानसोपचारतज्ज्ञाचं. आणि नेल, म्हणजे या मालिकेतली एलनॉर, लहानपणापासून ज्या मान वाकलेल्या बाईला घाबरते ती कोण, हे पाचव्या भागात कळतं तेव्हा... नाही, हे नाही सांगत. एवढं एक राखून ठेवते.

पण शेवटाविषयी माझी तक्रार आहे. वाइजच्या सिनेमात सुरुवातीचं निवेदन डॉक्टरांच्या आवाजात आहे: या घरात जे काही फिरतं ते एकटं फिरतं, अशा अर्थाचं. शेवटी एलनॉरची गाडी झाडावर आदळते, ती मरते, आणि तेच निवेदन पुन्हा येतं, पण आता तिच्या आवाजात. आणि 'ते'च्या जागी 'आम्ही'. जिला घर नव्हतं तिला घर मिळालं, बोलायला 'आम्ही' मिळालं, तरी एकटेपण तसंच. एका सर्वनामात हे होतं. फ्लॅनगन मालिकेच्या शेवटी तेच निवेदन आणतो आणि 'एकटे' काढून 'सोबत' घालतो. सगळे एकमेकांना माफ करतात. मी रडले, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी फसवल्यासारखं वाटलं. नऊ भाग ज्या दुःखाची इतकी बारकाईनं मांडणी केली, त्याला दहाव्यात पांघरूण घातलं.

आत्या गेली तीन वर्षांपूर्वी. सामान आवरताना ती वाटी सापडली, चमचा आतच होता. माझ्या बहिणीनं विचारलं, हे कशाला ठेवलं असेल गं? मला उत्तर देता आलं नाही. वाटी आता माझ्याकडे आहे.

बरं, वेळ झाली. बाहेर चहा आहे. नंतर १९६३चा तो हाताचा प्रसंग पूर्ण दाखवणार आहोत, मागचे दिवे बंद करून. प्रश्न तेव्हा घेऊ.