‘कसं जमवलं?’ हा प्रश्न मला का पटत नाही

कुठलाही शोधनिबंध उघडा, त्यात ‘पद्धती’ नावाचा एक भाग असतोच. नमुने कुठून घेतले, किती दिवस घेतले, कुठलं उपकरण वापरलं, सगळं तिथे सांगावं लागतं. नाहीतर निष्कर्ष कितीही देखणा असला तरी परीक्षक पेपर परत पाठवतात. साहित्यावरचं लिखाण वाचताना मला या भागाची फार उणीव भासते. पुस्तक चांगलं आहे, भाषा ओघवती आहे, अनुभव अस्सल आहे, हे कळतं. पण ते कुठे बसून, कोणत्या वेळात लिहिलं, तेव्हा मूल कोणाकडे होतं, हे कळत नाही.

आई असलेल्या लेखिकेच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जातो, पण ‘तुम्ही हे सगळं कसं जमवलंत?’ या रूपात. पाठोपाठ ‘तारेवरची कसरत’ येतेच. मला ही उपमाच खटकते. तारेवर चालणारी बाई एकटी असते आणि तिला सगळे बघत असतात. आज ज्या दोन लेखिकांबद्दल लिहितेय, त्यांच्यापैकी एक एकटी नव्हती आणि दुसरीकडे कोणी बघत नव्हतं.

पहिली इरावती कर्वे. त्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख बऱ्याच जणांनी वाचलेला असेल. त्याच नावाचा संग्रह 1949 मध्ये आला. लेखातला प्रसंग साधा आहे. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते, तीही घरातल्या थोर पुरुषांच्या नात्यानं. ती ऐकून त्यांना वाटत राहतं की यात काहीतरी राहून गेलंय. मग रस्त्यानं जाताना काही मुलांचं बोलणं कानावर पडतं. त्या मुलांच्या लेखी बाई म्हणजे वर्गातल्या कर्वेची आई. आणि ओळख पूर्ण होते.

हा लेख दोन टोकांनी वाचला जातो. काहींना त्यात आईपणाचा गौरव दिसतो. काहींना त्यात एवढ्या मोठ्या विदुषीची शरणागती दिसते. माझ्या मते दोन्ही वाचनांत एक साधी गोष्ट निसटते. सभेतली ओळख आणि रस्त्यावरची ओळख या एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत बाईचं स्वतःचं काम नाही, दोन्हींत ती कोणाची तरी कोणीतरी आहे. फरक इतकाच की पहिली ओळख वरच्या पिढीकडून आणि बरोबरीच्या माणसाकडून आलेली आहे, तर दुसरी खालच्या पिढीकडून. म्हणजे वर्तुळ पूर्ण होतं, पण मध्यभागी जागा रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेत काय होतं? 1930 मध्ये बर्लिनमधून मिळवलेली डॉक्टरेट, 1939 पासून डेक्कन कॉलेजातलं अध्यापन, गावोगाव फिरून घेतलेली माणसांची मोजमापं. यातलं काहीही ही ‘परिपूर्ती’ व्हायला लागत नाही. बाईंना हे दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. नातेसंबंधांच्या रचना हाच तर त्यांचा अभ्यासविषय. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ 1953 चा. बाईची ओळख नात्यातून कशी घडते, हे त्या स्वतःवर तपासून बघतायत आणि तपासताना त्यांना आनंदही होतोय. आनंद खरा आणि निरीक्षणही खरं, म्हणूनच तो लेख अजून टिकून आहे.

अडचण लेखाची नाही, त्याच्या वापराची आहे. माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे आणि थिसिसची तीन प्रकरणं बाकी आहेत. मध्यंतरी संशोधक मुलींसाठीच्या एका कार्यशाळेत वक्त्यांनी पडद्यावर इरावतीबाईंचं चित्र लावलं. त्या काळात पुण्यात स्कूटर चालवणारी बाई, तीन मुलं, संशोधन, वर ललितलेखन! मग आमच्याकडे वळून म्हणाले, “त्यांना जमलं, तुम्हाला का जमू नये?” सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं पाळणाघराचा फोन येतोय का ते पाहायला मोबाइल उलटा केला.

मी घरी येऊन सालं मांडली. डॉक्टरेट 1930 ची. थोरली मुलगी जाई (पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्या जाई निंबकर) 1932 ची. मुलगा आनंद 1936 चा. धाकटी गौरी (आपल्या गौरी देशपांडे) 1942 ची. म्हणजे डॉक्टरेट झाली तेव्हा घरात मूल नव्हतं. ‘परिपूर्ती’ संग्रह आला तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. ‘युगान्त’ 1967 चं, साहित्य अकादमी पुरस्कार 1968 चा. तेव्हा गौरी पंचविशीत होत्या. पडद्यावर जे एका चौकटीत बसवलं होतं, ते प्रत्यक्षात चार दशकांवर पसरलेलं होतं. शिवाय घरी दिनकर कर्वे होते, स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि बायकोच्या कामाला काम मानणारे. ‘वाटचाल’ या लेखासाठी इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि सोबतच्या बायकांची पंगत जातीप्रमाणे वेगळी कशी बसते, हे त्यांनी बघून लिहिलं. पुढे त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर दिनकररावांनीच केलं. वारीला जायचं म्हणजे दोन आठवडे घर दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं. हीच ती ‘पद्धती’. ती सांगितली म्हणून बाई लहान होत नाहीत. उलट, ती लपवली की ऐकणाऱ्या मुलींना उगाच स्वतः लहान वाटायला लागतं.

दुसरी लेखिका बेबी कांबळे. जन्म 1929 चा, लग्न तेराव्या वर्षी, दहा बाळंतपणं. फलटणला नवरा-बायकोनं मिळून छोटं दुकान चालवलं. माल बांधायला आलेल्या रद्दीतून त्यांचं वाचन सुरू झालं आणि त्याच दुकानात बसून त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं. माया पंडित यांनी त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 2008 मध्ये आलं. त्यातल्या मुलाखतीत बेबीताईंनी आपली ‘पद्धती’ स्वच्छ सांगितली आहे. नवरा माल आणायला बाहेर गेला की लिहायचं आणि लिहिलेलं लपवून ठेवायचं. असं सुमारे वीस वर्षं. मग 1982 मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं.

इथे मला एक गृहीतक तपासावंसं वाटलं. नेहमी म्हणतात की आईपणात वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो, म्हणून बायका छोटे प्रकार लिहितात: कविता, स्फुट, ललितलेख. तुटक वेळ, तुटक आकृतिबंध. ऐकायला पटतं. पण हे खरं असेल तर सगळ्यात तुटक वेळ मिळालेल्या बेबीताईंचं पुस्तक सगळ्यात तुटक हवं. तसं ते नाही. ते एका दमात सांगितल्यासारखं पुढे सरकत राहतं. महारवाड्यातलं जगणं, सण, अंगात येणं, सुनांचे हाल, बाबासाहेबांच्या भाषणानंतर पेटलेली माणसं, सगळं एका ओघात. याउलट नोकरी, स्वतःचं टेबल आणि घरचा आधार असलेल्या इरावतीबाई छोटे ललितलेख लिहितात. म्हणजे वेळेच्या तुकड्यांवरून आकृतिबंध ठरत नाही. निदान या दोन उदाहरणांत तरी गृहीतक पडतं.

मग परिस्थितीचा ठसा लिखाणावर कुठे उमटतो? मला वाटतं, काय लिहिलं नाही यात. ‘जिणं आमुचं’मधला बाळंतपणाचा भाग वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं. ओली बाळंतीण पोटाला कापड घट्ट बांधून उपाशी पडून राहते, घरात खायला काही नाही. हा प्रसंग कोणा एकीचा नाही, वाड्यातल्या सगळ्या बायकांचा आहे. दहा मुलं झालेली बाई हे लिहिते आणि स्वतःच्या बाळंतपणांना मध्यभागी आणत नाही. नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांबद्दल त्या मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात तो भाग नाही. पुस्तक आपल्या समाजाचं आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि शीर्षकातलं ‘आमुचं’ तेच सांगतं. पण ज्या माणसापासून वही लपवायची, त्याच्याविषयी त्या वहीत काय लिहिता येतं आणि काय नाही, हाही प्रश्न समीक्षेनं विचारायला हवा. ‘आमुचं’ ही जशी राजकीय भूमिका आहे, तशी ती लिहिणारीची ओळख झाकणारी पदरही आहे. एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. इरावतीबाई ‘मी’ लिहू शकतात, त्या ‘मी’ची थट्टा करू शकतात, कारण तो ‘मी’ आधीपासून सुरक्षित आहे. पगार आहे, पदवी आहे, मुखपृष्ठावर नाव आहे. बेबीताईंचा ‘मी’ ‘आम्ही’च्या आत राहतो. मला हा फरक प्रतिभेचा वाटत नाही. लिहिलेलं उघड्यावर ठेवता येतं की नाही, याचा तो फरक आहे. वेळ दोघींनाही कमीच होता. एकीला परवानगी मागावी लागत नव्हती आणि दुसरीला ती मिळणार नव्हती.

आता माझ्या कामाकडे येते. मी सह्याद्रीत कॅमेरा ट्रॅप लावून लहान मांसाहारी प्राण्यांचा अभ्यास करते. आमच्या विषयातला पहिला धडा असा: फोटो मिळाला नाही म्हणजे प्राणी नाही, असं होत नाही. समजा उदमांजर त्या जागी आहे, पण एका रात्रीत ते कॅमेऱ्यात सापडण्याची शक्यता दहा टक्के आहे. दहा रात्री कॅमेरा लावला तरी ते एकदाही न सापडण्याची शक्यता जवळजवळ पस्तीस टक्के उरते (0.9 ला 0.9 नं गुणत जा, दहा वेळा). तीस रात्री लावला तर ती चार टक्क्यांवर येते. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मोजतो: प्राणी असणं आणि तो दिसणं. ‘इथे उदमांजर नाही’ असं लिहिण्याआधी किती रात्री, कुठे, किती उंचीवर कॅमेरा लावला होता, ते सांगावं लागतं.

‘त्या पिढीत आयाबाया फारसं लिहीत नव्हत्या’ हे वाक्य मला यामुळेच अपुरं वाटतं. लिहीत नव्हत्या की दिसत नव्हत्या? बेबीताईंची वही लपवलेली होती त्या वीस वर्षांत कोणी फलटणच्या लेखिकांची यादी केली असती, तर त्यांचं नाव त्यात आलं नसतं. यादी प्रामाणिक असती आणि तरीही चुकीची. मग कॅमेरा तिथे पोचला कसा? मराठी भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांना ते लिखाण कळलं आणि ते छापावं असं त्यांनी सुचवलं. म्हणजे कोणीतरी विचारणारं भेटलं. याच मॅक्सीनबाईंनी जाई निंबकरांबरोबर मराठीचं व्याकरण लिहिलं होतं. जाई लग्नानंतर फलटणच्या झाल्या आणि गौरी देशपांडेही पुढे त्याच तालुक्यात विंचुर्णीला राहिल्या. एकाच गावाच्या आसपास इरावतीबाईंच्या दोन लेखिका मुली आणि बेबी कांबळे. पहिल्या दोघींनी आईला टेबलाशी बसून लिहिताना पाहिलं होतं. तिसरीचं लिखाण घरातल्या माणसानंही पाहू नये, अशी व्यवस्था होती.

म्हणून लेखिकेला ‘कसं जमवलं?’ विचारलं की मला वाटतं, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. उत्तर तिनं द्यायचं, श्रेय किंवा दोषही तिचाच, आणि ज्यांना जमलं नाही त्या आपोआप कमी पडलेल्या. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. त्या वेळात मूल कोणाकडे होतं? लिहिलेलं कुठे ठेवता येत होतं? आणि ते पहिल्यांदा कोणी मागितलं? इरावतीबाईंच्या बाबतीत तिन्ही उत्तरं चांगली आहेत, आणि ती चांगली असणं हे त्यांच्या लेखनाइतकंच अभ्यासण्यासारखं आहे. बेबीताईंच्या बाबतीत पहिली दोन उत्तरं वाईट आहेत, तिसरं वीस वर्षं उशिरा आलं आणि तरी पुस्तक झालं. त्यात बेबीताईंची जिद्द आहेच. पण अशी जिद्द असलेल्या आणखी किती जणींना तिसरं उत्तर मिळालंच नाही, हे नुसत्या पुस्तकांवरून मोजता येणार नाही.

ते मोजायला कॅमेरा आणखी काही रात्री लावून ठेवावा लागेल. तुमच्या घरी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, जुन्या डायरीत, पत्रांच्या गठ्ठ्यात कोणाचं अक्षर असेल, तर ती बाई हयात असताना तिला विचारून ते वाचा. रद्दीवाला दर महिन्याला येतो.